पांढऱ्यात पुसलेली माय

भरवेलीच्या खाण कॉलनीत रीनाच्या सासूकडे होम थिएटर बसवायला गेलो होतो. दुपारी तिला शेजारणींना नव्या सुनेच्या, म्हणजे रीनाच्या, लग्नाचा व्हिडिओ दाखवायचा होता. बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळे नवरीपासून पाहुण्यांपर्यंत सगळे पांढऱ्यात. सावळे चेहरे आणि उन्हातलं पांढरं, दोन्ही नीट दिसावं म्हणून टीव्हीतलं एचडीआर टोन मॅपिंग मी अर्धा तास खपून जुळवलं. सासू बघून म्हणाली, "सून काहून काळी दिसून राह्यली? गोरी करा तिले." मी म्हणालो, "काकू, त्या आहेत तशाच दिसतात." "म्हणूनच तं सांगून राह्यली!" केबलच्या खोक्यात मेलेला उंदीर हाताला लागला तरी मला एवढी किळस येत नाही, जेवढी त्या बोलण्याची आली. तरी गिऱ्हाईक आहे म्हणून उजेड वाढवायचं बटण दाबत गेलो, याची त्याहून जास्त आली. रीनाचा चेहरा मैद्यात बुडवल्यासारखा झाला. "हौ, आता बराबर," सासू म्हणाली. तेवढ्यात रीना चहाचा ट्रे घेऊन आली आणि टीव्हीसमोर थबकली. "माही माय इथंच उभी होती. कुठी गेली?" मंडपाच्या कडेला, उन्हात, डोक्यावर पांढरा पदर घेतलेली तिची आई त्या उजेडात पार पुसली गेली होती. मी सेटिंग मागे घेऊ लागलो, तर सासू खेकसली, "राहू द्या हो! तिच्या मायले कोन पाह्याले येऊन राह्यलं?" रीनाने ट्रे माझ्यापुढे धरला. मी चहा उचलला नाही. ट्रेमध्ये रिमोट ठेवला आणि कोणतं बटण दाबलं की आई परत दिसते, ते रीनाला सासूदेखतच सांगितलं.