सॅटर्न खलास

ताबिशनं बेल दाबली तेव्हा भांडण तोंडात तयार होतं. मस्कतमध्ये गाला ते माबेलाचं घर, अख्ख्या ट्रॅफिकमध्ये त्यानं ते घोकलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, आणि बायको, खुदेजा, रडायला लागली तर काय बोलायचं तेसुद्धा.

झालं असं होतं की त्याचा सेगा सॅटर्न गेला होता. टीव्हीला लावून गेम खेळायचा डबा, दहा-बारा वर्षं जुना, आणि नवा होता तेव्हाही फारसा कुणी न विचारलेला. सगळी पोरं प्लेस्टेशनच्या मागे पळाली, हा मागे राहिला, आणि ताबिशला नेमकं असलंच काहीतरी लागायचं. गॅरेजमध्ये त्याच्याबरोबर काम करणारा प्रताप म्हणायचा, तुझ्या कपाटात सगळे नापास झालेलेच भरलेत रे. किती शुक्रवार जुन्या सामानाच्या बाजारात खोकी उपसली तेव्हा कुठं इस्त्र्यांच्या ढिगाखाली हा सापडला, काळा, जड, एक कोपरा आपटलेला. घरी आणून लावला तर सीडी फिरायची, पडद्यावर काही यायचं नाही. म्हणून गाल्यातल्या हारूनकडे दुरुस्तीला टाकला.

आणि हारूननं आज सकाळी घरी फोन केला. भाभी, सॅटर्न खलास, म्हणाला. आता मस्कतमध्ये खलास म्हणजे काम झालं, घेऊन जा. पण खुदेजा नुकतीच कोकणातल्या हर्णैहून आलेली, आणि आपल्याकडे खलास म्हणजे काय ते सांगायला नको. ती म्हणाली, फिर रहने दो, घर मत भेजो. हारूनला वाटलं, नव्या बायकोनं नवऱ्याचं भंगार बंद केलं. पलीकडच्या बौशर भागातलं एक ओमानी गिऱ्हाईक कधीचं मागे लागलेलं, त्याला देऊन हा मोकळा. संध्याकाळी ताबिश दुकानात गेला तर हारून कान पकडून उभा, बदल्यात प्लेस्टेशन घे म्हणत होता. बौशरवाल्याला फोन लावला तर तो हसला. मस्कतमध्ये असा दुसरा शोधून दाखव भाई, म्हणाला, आणि फोन ठेवला.

दार उघडलं. खुदेजाचे डोळे सुजलेले. टीव्ही बंद.

"आधी पाणी प्या," ती म्हणाली.

तो प्यायला. तिनं त्याला बूट काढायला लावले, बसवलं, घावन वाढले, आणि चार घास पोटात जाईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिली. गावाला कुणी वारलं की बाहेरून आलेल्या माणसाला असंच सांगतात ना, आधी खाऊ घालून मग. शेल्फवरच्या गेमच्या सीड्यासुद्धा तिनं उचलून आत ठेवल्या होत्या, त्याच्या नजरेला पडायला नकोत म्हणून. ताबिशच्या हळूहळू लक्षात यायला लागलं आणि घोकलेलं पहिलं वाक्य त्यानं घावनाबरोबर गिळून टाकलं.

"हारूनभाईंचा फोन होता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुमचा सॅटर्न खलास झाला. मीच म्हटलं, आता घरी आणू नका. तुमच्याच्यानं बघवलं नसतं."

आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दिवसभर गॅरेजमध्ये नुसतं यल्ला यल्ला, चल, आटप लवकर. गावाला फोन केला की तिकडून हे पाठव, ते पाठव. तुझं काही गेलं का रे, असं इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. ताबिशला सगळं माहीत होतं, फोन काय, बौशर काय, सगळं, तरी त्याला एकदम रडू आलं. खरंखुरं, घास तसाच हातात धरून. ती म्हणत राहिली, अल्लाची मर्जी, वस्तूच ती. आणि रडता रडता त्यानं ठरवून टाकलं की हिला खरं काय ते कधीच सांगायचं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या दुकानात सांगून ठेवलेला गॅसचा सिलिंडर आला होता. गॅसवाला आत आला, सिलिंडर बसवला, शेगडी पेटवून बघितली, हात झटकले.

"खलास, भाभी," म्हणाला आणि गेला.

खुदेजा शेगडीकडे बघत राहिली. जाळ चांगला निळा, फरफर पेटलेला. मग तिनं ताबिशकडे बघितलं. त्यानं घाईघाईनं मान ताटात घातली, पण उशीर झाला होता.

"इकडं खलास म्हणजे काय हो?"

"झालं," तो म्हणाला. "काम झालं. तयार आहे."

ती होती तिथंच खाली बसली. मग विचारलं, तो कुठाय आता. त्यानं सांगितलं. तुम्हाला कधी कळलं, तर म्हणाला, घरी यायच्या आधीच. शिव्या का नाही दिल्या, तर त्यानं घावनाचा तुकडा मोडला.

"मग मघाशी रडलात ते कशाला?"

ताबिशनं खरंच विचार केला.

"दमलोय गं," तो म्हणाला.