लाल टाका

स्वतःच्या बायबलच्या पाठीत सुरीचं पातं घालताना बाइंडर चक्क गुणगुणत होता.

उद्या सकाळपासून अभ्यास सुरू करायचा, हे त्याने एकदाचं ठरवलं होतं. चर्चच्या मंडळीत बसून मान डोलावायची, तसला अभ्यास नव्हे. घरी, एकट्याने, खराखुरा. त्यासाठी खिडकीशी टेबल ओढलं, नवा दिवा आणला, पेन्सिलींना टोकं काढली. बायको म्हणालीसुद्धा, "लग्नाला एवढी तयारी केली नव्हतीत!" सगळं जमलं, बायबलच तेवढं ऐकेना. टेबलावर सपाट राहायचंच नाही. हात काढला की फटकन मिटायचं. पाठ फार जाड झाली होती, म्हणून ती उसवायला घेतली होती, आणि बांधली होती तीही त्यानेच. बाइंडरच्याच घरचं पुस्तक धड उघडू नये, आता याला काय म्हणावं?

आई गेली त्या आठवड्यात त्याने ते बांधलं होतं. हात रिकामे राहिले की डोळे भरून यायचे, म्हणून समोर येईल ते काम ओढत होता. त्यानंतर मात्र पुस्तक कपाटात गेलं ते गेलंच.

चर्चच्या पाळकांनी त्याला आणखी एक तयारी सांगितली होती. "टेबल लावाल, दिवा लावाल. पण सख्ख्या भावाबद्दल मनात अढी ठेवून बसलात, तर वाचलेलं आत कुठून जाणार?"

अढी होतीच, आणि चांगली मुरलेली. आई गेली आणि तिचं बायबल घरातून नाहीसं झालं. आई शिवणकाम करायची. तिला वेळेला पेन्सिल सापडायची नाही, म्हणून आवडलेल्या ओळीशेजारी समासात ती लाल दोऱ्याचा टाका घालायची. एक थोरल्यासाठी, एक धाकट्यासाठी. त्या पुस्तकात दोघांचाही जीव अडकलेला. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी धाकटा बराच वेळ घरात एकटा होता. बाइंडरने चार पाहुण्यांसमोर त्याला विचारलं, "आईचं बायबल तूच उचललंस ना?" धाकट्याने एकदा कामाच्या टेबलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "चोराच्या मनात चांदणं," असं बाइंडर सगळ्यांदेखत म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याने भावाला उंबरा ओलांडू दिला नाही.

पण आता त्याला माफ करायचं होतं. आज संध्याकाळी बोलावलंच होतं. माफीचं वाक्य आंघोळ करताना दोनदा म्हणून झालं होतं आणि त्याला स्वतःलाच ते फार आवडलं होतं.

पाठीवरचं कापड सुटलं. आत रद्दी कागदाच्या पट्ट्या, थरावर थर, खळीने चिकटवलेल्या. सगळेच बाइंडर अशा घालतात. टेबलावरच्या रद्दीतला हाताला येईल तो कागद कापायचा आणि डकवायचा. त्याने ओलं फडकं फिरवलं आणि पहिली पट्टी सोलून काढली. कागद पातळ होता. फारच पातळ. त्याने पट्टी उलटी केली.

मागच्या बाजूला लाल दोऱ्याचा टाका होता.

दुसरी पट्टी त्याने नखांनीच ओढली. तिच्यावर दोन टाके होते. तिसरीवर नुसती भोकं आणि दोऱ्याचं एक टोक. आणि मग, इतकी वर्षं कधी आठवला नव्हता तो आईचा आवाज त्याला आठवला. "माझं पुस्तक सुटलंय रे. पानं गळायला लागलीत. शिवून देशील?" तो वर न बघताच म्हणाला होता, "ठेव तिकडे टेबलावर." तिने ठेवलं होतं. पुठ्ठा निघालेलं, सुटं झालेलं पुस्तक, रद्दीच्या ढिगाला लागून. नेहमी रागावणारा मुलगा, म्हणून बिचारीने पुन्हा विचारलं नसेल. आणि ती गेल्यावर यानेच ते कापलं होतं, स्वतःच्या हाताने, भरल्या डोळ्यांनी, न बघता.

उरलेली पानं रद्दीवाल्याने कधीच नेली असणार.

दार वाजलं. बायकोचा आवाज आला, "या या भावोजी, केवढे वाळलात!" बाइंडरने पट्ट्या मुठीत धरल्या.

धाकटा आत आला. केस पांढरे झाले होते. बसला नाही. घरून घोकून आल्यासारखा एका दमात म्हणाला, "दादा, आधी मला बोलू दे. आईचं बायबल मीच नेलं होतं. माझ्याकडून हरवलं. चुकलो मी. पदरात घे."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. "अहो, ऐकलंत ना? कबूल केलं त्यांनी. आता सोडा राग."

बाइंडर भावाकडे बघतच राहिला. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. हा खोटं बोलतोय. न केलेली चोरी अंगावर घेतोय. कशासाठी? त्याने मूठ पुढे केली आणि उघडली. ओल्या पट्ट्या तळहाताला चिकटल्या होत्या. लाल टाके वर.

"हे... हे मी..."

धाकट्याने पट्ट्या पाहिल्या. त्याला नवल वाटलं नाही. तो टेबलाशी आला, उसवलेलं बायबल त्याने हलकेच मिटलं आणि त्यावर हात ठेवला.

"त्या दिवशी तुझ्या टेबलाखालच्या कातरणात लाल दोरे दिसले होते मला," तो म्हणाला. "तू हे पुस्तक कधी उसवू नयेस, एवढंच मी रोज देवाकडे मागत होतो, दादा."