नाताळचं विरजण

वडील गेल्यापासून माळ्यावर लाकडी कड्यावर सुकत पडलेलं बिअरचं घरगुती विरजण सिग्नीने नाताळच्या बिअरच्या पिंपात सोडलं. पिंपातून जुनिपरच्या झुडपाच्या पाल्याचा वास येत होता. विरजण मेलेलं निघालं, तर पणजोबांपासूनची चव संपली.

"आता पिंपात ओरड," शेजारचे एलिंगकाका म्हणाले. "ओरडल्याशिवाय विरजण जागं होत नाही, बिअर मिळमिळीत होते."

सिग्नी शहरात ग्रंथपाल. ती नुसतीच खाकरली.

"अगं, विरजण आहे ते, वाचक नव्हे."

तिने डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते ओरडली, "बाबा, उठा, उजाडलं!"

संध्याकाळी फेस पिंपाच्या काठावरून उतू चालला. सिग्नी काही बोलणार, तोच काकांनी टोपी काढली.

"हळू," ते कुजबुजले. "उठल्या उठल्या कुणी बोललेलं तुझ्या बाबांना खपायचं नाही."