अंबूबाईचे टॅब

थंडीत दोशाचं पीठ आंबत नसेल तर.

मोतीबिंदूनंतर डोळ्याला पाणी.

हत्ती उभ्यानेच झोपतो का?

निपाणीत आज ढगाळ.

शहाजीराजांच्या काळात बेंगळुरूला आलेली घराणी.

रेशमी साडीवर शाईचा डाग.

हे सगळं अंबूबाईच्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी उघडं होतं, आणि याखेरीज आणखी बरंच. अर्धी वाचलेली पोथी मिटायची नाही, असं तिला लहानपणी शिकवलं होतं. तोच नेम तिने ब्राउजरलाही लावला. आता एखादं अक्षर टाइप केलं, की ते कुठेतरी कॉफी पिऊन आल्यासारखं सावकाश उमटायचं.

पाच वाजता तिच्या भाचीला, सुप्रीताला बघायला मुलगा येणार होता. नाव उपेंद्र, नोकरी इथेच बेंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीत. त्याचे आईवडील निपाणीहून व्हिडिओवर बसणार होते, म्हणून कॉम्प्युटर चालायलाच हवा होता. मुलाचा फोटो मेलवर आला होता, पण अंबूबाईने तो उघडायला घेतला की नुसतं गोल फिरत राहायचं. न बघितलेलंच बरं, असं सुप्रीता म्हणाली होती.

आधीच्या सगळ्यांना तिने नकार दिला होता. अर्धा तास कुणीही चांगलं वागतं, हे तिचं म्हणणं. या वेळी आत्याने बजावलं होतं, की आज हो किंवा नाही ते सांगायचं. नाही म्हटलंस तर यापुढे मी कुणाला बोलावणार नाही.

सुप्रीताला एकटं राहायचं नव्हतं. चुकायचंही नव्हतं.

बेल वाजली तेव्हा पाचला बराच अवकाश होता. चिकपेटच्या कृष्णाजीच्या दुकानातून दुरुस्तीला माणूस यायचा होता. दारात उभा असलेला माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच अंबूबाईने त्याला आत घेतलं. आधी ते मशीन बघ बाबा, पाहुणे यायच्या आत झालं पाहिजे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. कृष्णाजी हल्ली माणसं नीटनेटकी पाठवतो, हे तिला आवडलं.

त्याने हातातली पिशवी दाराशी ठेवली आणि सुप्रीताकडे पाहिलं.

सुप्रीता कॉम्प्युटरपाशीच होती. तिने डावीकडचा एक टॅब मिटला आणि माउस त्याच्याकडे सरकवला.

“काय मिटलंस?” अंबूबाईने विचारलं.

“जाहिरात होती.”

*निपाणीत आज ढगाळ.* हा टॅब तिने ठेवला.

तो बसला. घाई नाही, त्रागा नाही. आधी त्याने सगळं नुसतं पाहिलं. मग ब्राउजरला चिकटलेली बांडगुळं एकेक दाखवली: एक सवलतीची कुपनं शोधणारं, एक हवामान सांगणारं, दोन कशासाठी आहेत ते त्यालाही कळेना.

“ही तुम्ही घेतलीत, अक्का?”

“ते विचारतात. विचारलं की मी हो म्हणते.”

“या घरात नाही म्हणायचं काम माझ्याकडे आहे,” सुप्रीता म्हणाली.

तो हसला, पण मान वर केली नाही. बांडगुळं काढली, साठलेला कचरा साफ केला, ब्राउजर नवा करून घेतला. राहिले टॅब.

“सगळे बंद करून टाका ना,” सुप्रीता म्हणाली. “सोपं पडेल.”

“सोपं पडेल. पण ते यांचं अर्धं वाचलेलं आहे.”

अंबूबाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकली. पोथीचा नेम तिने त्याला सांगितला नव्हता.

*हत्ती उभ्यानेच झोपतो का?* ठेवला.

तो प्रत्येक टॅबबद्दल विचारत गेला. दोशाचं पीठ? तिने सगळी हकीकत सांगितली, त्याने सगळी ऐकली. डाग? निघाला, पण साडी फिकी झाली. मग तो टॅब मिटू? स्वल्प थांब, शेवटची ओळ वाचते. तो थांबला. जे राहिले ते त्याने झोपवले. मिटले नाहीत, अक्का, नुसते निजलेत, बोट लावलं की उठतील. अंबूबाईने हत्तीवर बोट लावलं. हत्ती उठला. तिने टाळीच वाजवली.

सुप्रीताने कॉफी आणली, पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या कपात. अंबूबाईने डोळे वटारले. सुप्रीताचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भिंतीला टेकून त्याचे हात बघत होती.

आता अक्षरं बोटांबरोबर उमटत होती. अशी चिकाटी आपल्या ओळखीत कुणाकडे नाही, असं अंबूबाईने त्याला दोनदा सांगितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, की बाबा, आता उठ, मुलगा येईल एवढ्यात.

“सरी, उठतो,” तो म्हणाला, आणि उठायच्या आधी त्याने कॅमेरा नीट लागतो का तेवढं पाहून घेतलं.

अंबूबाई साडीच्या निऱ्या सारख्या करत आत गेली. सुप्रीता मागोमाग आली.

“आत्या, मी हो म्हणणार आहे.”

“अगं, अजून त्याचं तोंड नाही बघितलंस.”

तेवढ्यात बेल वाजली. अंबूबाईने पदर सावरला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि दार उघडलं.

दारात घामाने भिजलेला एक माणूस होता, पाठीला बॅग, हातात हेल्मेट.

“कृष्णाजी अण्णांनी पाठवलं, अम्मा. कॉम्प्युटर स्लो आहे म्हणाले. ट्रॅफिकमुळे लेट झालं.”

अंबूबाई सावकाश मागे वळली. खुर्चीतला माणूस उठून उभा होता. दाराजवळची पिशवी त्याने उचलली होती, आणि तिच्यातून बेळगावच्या कुंद्याचा, मिठाईचा डबा डोकावत होता.

फोटो आदल्या दिवशी दुपारीच सुप्रीतासमोर पूर्ण उघडला होता, तिने मघाशी मिटलेल्या डावीकडच्या टॅबमध्ये.