बाबांचा होकार

नर्सिंगचं नाव काढलं की स्वरूपाचे बाबा ताटावरून उठायचे. "लोकांचं हगणं-मुतणं काढायला शिकवलं का तुला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यंदा मात्र काय झालं कोण जाणे, त्यांनी स्वतःच तिचा फॉर्म भरला, ऑफिसला दांडी मारून मयूर विहारच्या घरून तिला परीक्षेला घेऊन गेले आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर उन्हात उभे राहिले.

हजारो मुलींमधून तिची निवड झाली. "शाब्बास बेटा, कमाल केलीस!" म्हणत बाबांनी तिला मिठीच मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरलेले पाहून तिचाही सगळा राग विरघळला. पेढा भरवायला ती त्यांच्या मागोमाग बाल्कनीत गेली, तर ते पाठमोरे उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते.



"राजाभाऊ, आता लग्नाचं बिल्कुल पक्कं समजा. तुमचा चिराग पूर्ण अंथरुणाला खिळायला अजून चार-पाच वर्षं आहेत म्हणतात ना डॉक्टर? तोवर आमची स्वरूपा नर्स होऊनच तुमच्या घरी येईल."