थ्रँडल

"असा शब्दच नाहीये!" दादाने पत्र टेबलावर आपटलं. "एक शिक्षिका विचारतीये, हे क्रियापद तुम्हाला सापडलं कुठे? काय सांगू तिला, कपाळ?"

थ्रँडल. टी एच आर ए एन डी एल ई. अर्थ, ओल्या दोराचा पीळ अंगठ्याने सोडवणे. काकांच्याच इंग्रजी कोशात चक्क छापलेलं.

दादा म्हणजे काकांचा मुलगा, छापखान्याचा मालक. आणि पत्र वाचून गोंधळलेली ती काकांची पुतणी. कोशाची प्रुफं तीच तपासायची. दादाने तिला बाजूला घेतलं. "बाबांचं डोकं चालेनासं झालंय गं. हवेतून शब्द काढायला लागलेत. सोमवारी प्रोफेसर येतायत, नवी आवृत्ती त्यांच्याकडे देतोय. तोवर सापडला शब्द, तर बोल."

म्हणजे काकांची चाळीस वर्षांची संपादकाची खुर्ची गेलीच की! ती धावत सुटली. काका निवांत पेन्सिलीला टोक करत बसलेले.

"काका, थ्रँडल कुठून घेतलात हो?"

"शोध की."

"अहो, खुर्ची जातीये तुमची!"

"मग लवकर शोध."

आता या माणसाला काय म्हणायचं? तिने तीन वाचनालयं पालथी घातली. जाडे कोश झाले, बारके झाले. शेवटी दोरखंडाच्या दुकानदारालाही विचारलं. तो म्हणाला, "ताई, आम्ही पीळ सोडवतो, बस्स. नावं ठेवत नाही कुणाला."

कुठे म्हणजे कुठेच नाही! मधेच तिला वाटायचं, काका खरंच भ्रमलेत. मधेच वाटायचं, आपलंच डोकं फिरलंय. रविवारपर्यंत तर तिला स्वतःच्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं दिसायला लागलं.

सोमवारी प्रोफेसर आले ते स्वतःचा नवाकोरा कोश घेऊनच. दादा कौतुकाने पानं चाळत होता. काका कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत बसलेले. पुतणीने दादाच्या हातातून कोश जवळजवळ हिसकावलाच. टी... टी एच... टी एच आर...

होता! तेच स्पेलिंग, तोच अर्थ, अगदी अंगठ्यासकट!

"दादा, बघ! आहे शब्द! काकांचं बरोबर होतं!" तिला रडूच फुटलं.

दादाचा चेहरा पडला. "सर, असं क्रियापद खरंच आहे?"

"म्हणजे काय!" प्रोफेसर खुर्चीत रेलले. "जुन्या खलाशांच्या पत्रांतून मी स्वतः टिपलंय ते. सहा महिने घालवले त्यापायी."

दादा उठून वडिलांसमोर उभा राहिला. "चुकलो, बाबा. शब्द खरा आहे."

"छे रे, खोटाच आहे," काका म्हणाले. "मीच बनवून घुसडलाय तो, आपला कोश कोण ढापतंय ते कळावं म्हणून."