गुळाचा खण

गोष्ट एकाहत्तर सालची. बालाघाटच्या कॉलेजात वसंता प्राणिशास्त्र शिकवायचा. मधे फळी घातलेल्या पेटीत एक काळा आणि एक पांढरा असे दोन खण होते; तो रोज उंदीर आळीपाळीने दोन्ही खणांत सोडी आणि गूळ फक्त काळ्या खणात ठेवी. त्या दिवशी त्याने गूळ ठेवलाच नाही, मधली फळीही काढून टाकली. तरी उंदीर सरळ काळ्या खणात जाऊन बसला. पोरं हसली, वसंताही हसला.

हसणाऱ्यांत लालबर्र्याच्या मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा, नातू होता. त्याच्या बहिणीचं त्याच संध्याकाळी लग्न होतं. "सर, तुमच्या बाबांना घेऊन या, पहिल्याच पंगतीत बसायचं," असं तो घरी येऊन सांगून गेला होता. वसंताच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांसाठी त्या मांडवात पहिल्यांदाच पाट मांडले होते.

पंगत बसली, पण बाबा दिसेनात. शोधत शोधत वसंता मालगुजारांच्या घरामागे गेला. गोठ्याच्या भिंतीपाशी, जिथे पूर्वी बापलेकांच्या पत्रावळीत वरून भात टाकला जायचा, तिथेच बाबा नवं धोतर सावरून बसले होते.

"बाबा, तुम्ही इथं काहून बसले?"


बाबांनी शेजारची माती हाताने झाडली. "आला का? बस. तुह्यासाठीबी जागा धरून ठेवली."